जिवाणी

“ह्या पाण्याची जिवाणी कुठं सोडणार तू?” अक्कांनी विचारलं.

सकाळचे साडेसात. माझ्या खांद्यावर पाच महिन्यांची आर्जवी होती, तिनं नुकतंच माझ्या पाठीवर दूध काढलं होतं, आणि मोकळ्या हातानं मी माशांच्या टाकीतलं पाणी नळीनं पिंपात सोडत होते. मला बोलायचं नव्हतं.

“पाणी कुठं जात नाहीये, अक्का. सगळं खाली मोठ्या टाकीत जाणार आहे.”

“सगळं?”

“सगळं.”

“आणि दगड झटकलेल्या बादलीतलं?”

“ते गढूळ आहे. ते ओतून द्यायचं.”

त्यांनी बादलीत वाकून पाहिलं. मग त्या आत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा हातात पाणी गाळायचं दुहेरी पांढरं फडकं होतं.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. परसातल्या आडाचं पाणी त्या स्वतः शेंदतात, फडक्यातून गाळतात, आणि फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा त्याच आडात सोडतात. त्या जिवांना म्हणायचं जिवाणी. ती वरून ओतायची नसते. बादली दोरानं खाली पाण्याला टेकवायची आणि मग कलती करायची, म्हणजे कुणाला धक्का लागत नाही. लग्न होऊन मी जयसिंगपूरच्या या जैन घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे दाखवलं होतं. मी वेंगुर्ल्याची, मासळी खाणाऱ्या घरातली, सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली. मला तेव्हा ते फार आवडलं होतं.

त्या सकाळी मात्र मला त्या घरातलं कुणीच आवडत नव्हतं.

आमच्या वरच्या खोलीतली एकशेवीस लिटरची टाकी लग्नात माझ्याबरोबर आलेली. तिच्यात माझे दगड होते, आठ वर्षं सांभाळलेले, छिद्राछिद्रातून काहीतरी वळवळणारे. दगडांवर मऊ प्रवाळांचे गुच्छ. मधोमध एक समुद्रफूल, दिसायला फूल पण प्राणीच, बोटांसारखे शेंडे हलवणारं, आणि त्याच्या कुशीत झोपणारी नारिंगी क्लाउनफिशची जोडी, हॅचरीत जन्मलेली. शिवाय लाल पाठीची एक कोळंबी, जी मी हात घातला की माझी नखं साफ करायला यायची. बाळंतपणाआधी मी नोकरी सोडली. मग दिवसभरात माझं म्हणावं असं ते एवढंच उरलं होतं.

थोरले दीर, भरतेश भाऊजी, यांनी खालचा हॉल नव्यानं करून घेतला आणि पूर्वेच्या भिंतीत सहाशे लिटरची काचेची टाकी बसवली. मला न विचारता. विचारलं ते काच बसल्यावर.

“तुझे मासे आता खाली येऊ देत. वर काय, कोण बघतंय?”

“हरकत नाही,” मी म्हटलं होतं. “पण आधी महिनाभर पाणी नुसतं चालू ठेवायला लागेल. पाणी पिकायला लागतं. नव्या पाण्यात जीव टाकला तर मरतो.”

“महिनाभर लोकांना काय दाखवू? पाणी?”

हॉलच्या पूजेचा मुहूर्त निघाला होता बारा चाळीसचा. पन्नास पानं जेवायला. ठिबक सिंचनाची एजन्सी आहे भाऊजींची, तिची मोठी गिऱ्हाइकं येणार होती. बसवलेल्या काचेचे सांधे भरायला काचवाल्यानं उशीर केला, आणि माझ्या महिन्याचे चार दिवस झाले. माझा नवरा सन्मती म्हणाला, “तू करशील गं मॅनेज. तुला येतं.” मला येत होतं म्हणूनच मला माहीत होतं की हे करू नये.

तरी मी केलं. चार दिवस शुद्ध केलेल्या पाण्यात पोत्यातलं समुद्राचं मीठ कालवलं, रोज मापलं. जुन्या पाण्याचा खारेपणा पस्तीस, नव्याचाही पस्तीस जुळवला. ऊब जुळवली. ठरवलं असं, की जुने दगड, जुनी वाळू आणि जुनं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत खाली न्यायचं, म्हणजे नवं घर निदान ओळखीचं लागेल.

आणि आता अक्का माझ्या बादलीशेजारी पाट मांडून बसल्या होत्या. फडकं कळशीच्या तोंडाला बांधून गढूळ पाणी वाटी-वाटीनं गाळत होत्या.

“अक्का, आज नको. आज वेळ नाही.”

“हे बघ, हलायलंय,” त्या म्हणाल्या. फडक्यावर पांढरे ठिपके उड्या मारत होते, एक केसाएवढा किडा वळत होता. “केवढे आहेत. आणि तू ओतून देत होतीस.”

“हजारो असतात. दगडात पुष्कळ उरलेत.”

“ह्यांना काय त्याचं.”

खालून भाऊजींचा आवाज आला. “झालं का? साडेनऊ वाजले.” पाठोपाठ त्यांचा इंटिरियरवाला पोतदार दोन माणसं घेऊन वर आला. माणसांनी दगडांचे क्रेट उचलले. मी ओल्या टॉवेलांनी दगड झाकत जिन्यात धावत होते, आर्जवीला कडेवरून खांद्यावर, खांद्यावरून कडेवर घेत. सन्मती पडद्याच्या दांडीला स्क्रू मारत होता. त्याला दादानं सांगितलं होतं.

वर आले तर अक्कांचा हात माझ्या टाकीत कोपरापर्यंत होता. फडकं उलटं करून पाण्याला टेकवलं होतं आणि त्या हळूहळू ते हलवत होत्या.

“हात काढा.”

“जिथलं तिथं सोडते. थोडं पाणी राहू दे ह्यात. सगळं नेऊ नको. ह्यांना कुठं सोडू मग?”

“अक्का, हात काढा आधी.”

“अगं, दोन तांबे पाणी तर—”

मग मी बोलले. पाच महिने साठलेलं होतं.

“माझ्या आईच्या घरचं पाणी चाललं नाही तुम्हाला,” मी म्हटलं. “बारशाला आलात, तिनं कोकमाचं सरबत केलं, तुम्ही पेला बाजूला सारलात. मग तिनं बाजारातून सीलबंद बाटली आणवली, ती समोर उघडली, तीही नको. दिवसभर उन्हात कोरड्या घशानं बसलात, पण तिच्या घरचा थेंब घेतला नाहीत. माझी आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. किड्यांची एवढी दया येते तुम्हाला. मग माझ्या पाण्यात कशाला हात घालता? हे पाणीही माझ्याच घरचं आहे.”

पोतदारची माणसं दारात उभी होती. अक्कांनी हात बाहेर काढला. फडकं पिळलं नाही, नुसतं धरून राहिल्या. त्याचं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं. मला वाटलं होतं त्या काहीतरी म्हणतील, आणि मग मला आणखी बोलता येईल.

मी मासे, कोळंबी आणि समुद्रफूल झाकणाच्या बादलीत घेतलं आणि माणसांना म्हटलं, “उरलेलं पाणी पिंपात भरून खाली आणा. मग ही टाकी उचला. मला इथं काही नकोय.”

खाली तासभर बादलीत थेंबथेंब नवं पाणी सोडत बसले. अकरा वाजता सगळ्यांना मोठ्या टाकीत सोडलं. समुद्रफूल एका कपारीला चिकटलं, जोडी त्याच्याभोवती घोटाळली. दिवे लावू नका, आज अंधारच ठेवा, असं मी तीनदा सांगितलं. आर्जवी रडून लाल झाली होती. मागच्या खोलीत पाय पसरून तिला पाजायला घेतलं. तिच्या मुठीत माझं बोट होतं, खारट, आणि ती ते मधूनच चाटत होती. मला वाटतं मी दहा मिनिटं डोळे मिटले.

बाहेर आले तर हॉल लखलखत होता. टाकीतले निळे दिवे लागले होते आणि पाणी काठोकाठ होतं. काचेच्या वरच्या फटीतून हिरवा होजपाइप आत सोडला होता आणि त्याची धार नेमकी मधोमध पडत होती. खाली समुद्रफूल मुठीएवढं आक्रसलं होतं. दोन्ही मासे वरती येऊन आ वासत होते.

मी आधी नळ बंद केला. मग पाणी मापलं. तीस.

“हे पाणी कुणी सोडलं?”

“मी सोडायला लावलं,” भाऊजी म्हणाले. रेशमी कुर्ता घालून ते पूजा सांगणाऱ्या उपाध्यांबरोबर उभे होते. “चार बोटं कमी होतं. वर रिकामी काच दिसत होती. तुझ्या माणसांनी वरचं पाणी आणलंच नाही.”

“कुठलं सोडलंत?”

“बोअरचं. आपलं बोअर खारंच आहे की. खारं पाणी लागतं, तूच म्हणतेस.”

उसाला पाणी पाजून पाजून आमच्याकडची जमीन पांढरी फटक पडलीय. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. जयसिंगपुरात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला ते समुद्रासारखं वाटलं, यात नवल नव्हतं. पण त्या वेळी मला हे सुचलं नाही.

“ते मीठ वेगळं, हे मीठ वेगळं,” मी म्हटलं. “ह्यात शेताचं खत उतरलंय. आत्ताच बाहेर नाही काढले तर मरतील.”

“लगेच काही मरत नाही. एक वाजेपर्यंत राहू दे. पूजा होऊ दे, चार माणसं बघू देत. मग तुझं तू काय ते कर.”

“एकपर्यंत काही उरणार नाही.”

“आता तुला एवढा पुळका,” भाऊजी उपाध्यांकडे बघून हसले. “माहेरी गेलीस की ताटात घेतेसच की. तुमच्यात खातात, आमच्यात बघतात. फरक तो काय एवढाच.”

पोतदार हसला. उपाध्ये हसले नाहीत.

“आमच्यात खायचं असेल तर खातात,” मी म्हटलं. “चार लोकांना दाखवायला कुणी मारत नाही.”

मी सन्मतीकडे पाहिलं. तो पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत होता.

“सन्मती.”

“तासाभराचा प्रश्न आहे गं. दादा म्हणतोय तर...”

“माझ्याकडे एकच हात आहे. एक तर तू त्या पाण्यात हात घाल, नाहीतर हिला धर.”

त्यानं तिला धरलं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा भाऊजींपेक्षा जास्त राग आला होता. भाऊजींना कळत नव्हतं. ह्याला मी चार दिवस मीठ कालवताना सगळं समजावलं होतं.

स्टुलावर चढून मी पूजेसाठी नेसलेल्या साडीसकट खांद्यापर्यंत पाण्यात गेले. मासे जाळीत आले. समुद्रफूल चिकटलं होतं, तो दगडच उचलला. कोळंबी कुठं दिसेना. बादली भरली तेव्हा भाऊजी शांतपणे म्हणाले, “आणि नेणार कुठं? वरची टाकी तर तूच काढायला लावलीस.”

ते खरं होतं. तरी मी निघाले. जिन्याच्या पायऱ्या चढताना माझ्या हातातली बादली हिंदकळत होती आणि मला कळत होतं की वर काही नाही. कोरडी काच असेल, नाहीतर तीही नसेल. पण खाली त्या माणसासमोर मला थांबायचं नव्हतं.

शेवटच्या पायरीवर पोतदारची दोन माणसं मांडी घालून बसली होती. रिकामं पिंप शेजारी आडवं.

“आजी आत सोडंनात,” त्यातला एक म्हणाला. “उंबऱ्यावर बसल्यात. काय करायचं आमी?”

अक्का खरंच उंबऱ्यावर बसल्या होत्या. मांडीवर ओलं फडकं. त्यांच्या मागं माझी जुनी टाकी होती तिथंच होती. अर्धी भरलेली, तळाला वाळू, दोन दगड. पंप चालू, बुडबुडे येत होते.

“ते बुडबुडं बंद करायचं म्हणत होते,” त्या म्हणाल्या. “मी नको म्हटलं.”

खाली चार बोटं पाणी का कमी पडलं, ते मला तेव्हा कळलं. अक्कांनी हे पाणी अडवलं नसतं तर खाली बोअरची धार पडलीच नसती. आणि त्यांनी ते अडवलं नसतं तर आता माझ्या हातातल्या बादलीला जगात कुठं जागा नव्हती. दोन्ही एकदमच कळलं, आणि राग कुठं ठेवावा ते समजेना.

“बाजूला व्हा, अक्का,” मी म्हटलं, आणि माझा आवाज अजून मघाचाच होता.

त्या बाजूला झाल्या. मी बादली उचलून टाकीच्या काठाशी नेली.

“वरनं ओतू नको.”

“माहीत आहे मला.”

“मग टेकव.”

मी टेकवली. बादली पाण्यावर तरंगत ठेवली, नळीला गाठ मारली आणि जुनं पाणी थेंबथेंब आत सोडायला लागले. गाठ सारखी सैल पडून धार लागत होती. थोड्या वेळानं अक्कांनी माझ्या हातातून नळी घेतली आणि गाठ दोन बोटांत धरली. त्यांची बोटं जराही हलत नव्हती. चाळीस वर्षं रोज दोर धरलेला हात तो.

खाली पूजा सुरू झाल्याची घंटा वाजली. अक्का घरातल्या मोठ्या, त्यांनी पाटावर बसायचं होतं. दोनदा बोलावणं आलं. दुसऱ्यांदा स्वतः भाऊजी आले.

“आई, मुहूर्त चाललाय.”

“चालू दे.”

“लोक विचारतायत.”

“सांग, अक्का जिवाणी सोडतीय.”

भाऊजी दारात क्षणभर उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, आणि गेले.

पन्नास लोकांनी त्या दिवशी निळ्या दिव्यांत सहाशे लिटर पाणी पाहिलं. मासे कुठायत, असं जो तो विचारत होता, असं मला जावेनं नंतर सांगितलं. जोडी वाचली. समुद्रफूल तिसऱ्या दिवशी उघडलं. प्रवाळांतले दोन गुच्छ गेले. कोळंबी संध्याकाळी मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात सापडली, पांढरी पडलेली. मी ती कागदात गुंडाळत होते, तेव्हा अक्का दारातून बघत होत्या. त्या दिवशी पन्नास पानं उठली, पण अक्का जेवल्या नाहीत. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माफी मी मागितली नाही. त्यांनीही बारशाचा विषय काढला नाही. मोठ्या टाकीत मी पुढं तीन महिने काही सोडलं नाही. भाऊजी येता-जाता त्या नुसत्या पाण्याकडे बघायचे आणि मला त्यात सुख वाटायचं. सन्मतीशी मी आठवडाभर बोलले नाही. आठव्या दिवशी तो मापायची नळी घेऊन आला आणि म्हणाला, “हे कसं बघायचं, दाखव.” मी दाखवलं. पण लगेच नाही.

मे महिन्यात आर्जवीला घेऊन वेंगुर्ल्याला निघाले, तेव्हा अक्का पिशवी भरून दारात उभ्या.

“मी येते.”

“कशाला?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“काम आहे.”

गाडी आंबोली घाट उतरली. मग अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “बाटलीतलं पाणी कुठल्या विहिरीचं असतं, ठाऊक नसतं. त्याची जिवाणी कुठं सोडणार? म्हणून घेतलं नाही.”

“‘तुमच्या परसात विहीर आहे का’, एवढं आईला विचारायचं होतं. आहे आमच्याकडे.”

“आहे. दिसली होती.” त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. “विचारावंसं वाटलं नाही. मासळीच्या घरची विहीर, असं आलं मनात. खोटं कशाला बोलू.”

मला पुन्हा राग आला. पण या वेळी त्याला धरायला काहीतरी होतं, खरं बोललेलं.

घरी पोचलो. आई पायरीवरच अवघडून उभी राहिली; काय द्यावं, काय देऊ नये, तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. अक्कांनी पिशवीतून पांढरं फडकं काढलं, जिवाणी सोडायचा, बुडाला कडी असलेला छोटा तांब्या काढला, आणि म्हणाल्या, “विहीणबाई, दोर आहे का? पाणी प्यायचंय.”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग पळत जाऊन दोर घेऊन आली.

अक्कांनी पाणी शेंदलं, आमच्या तांब्याच्या कळशीवर फडकं धरून गाळलं आणि पेलाभर प्यायल्या, उभ्यानं नाही, आमच्या पायरीवर बसून. आई पदराचं टोक मुठीत धरून उभी होती.

“गोड आसा ना पाणी?” तिनं विचारलं.

“जरा मचूळ आहे,” अक्का म्हणाल्या. “आमच्या बोअरपेक्षा बरं.”

“मग आणखी घेवा.”

“घेते.”

त्यांनी आर्जवीला मांडीवर घेतलं, आणि कडीच्या तांब्यात फडक्यावरची जिवाणी उतरवून तांब्या माझ्यापुढं धरला. कसं सोडायचं ते या वेळी सांगितलं नाही. मी विहिरीवर वाकले, तांब्या दोराला बांधून हळूहळू खाली सोडला, आणि तो पाण्याला टेकल्याचं बोटांना कळल्यावर मग कलता केला.